पांचवें अक्षर

जनुक हा शब्द हल्लीं आपल्या घरांतून इतका रुळला आहे कीं, नातवाच्या हट्टीपणापासून आजोबांच्या मधुमेहापर्यंत वाटेल त्या गोष्टीचें खापर आपण त्याच्या माथीं फोडून मोकळे होतों. कपाळीं लिहिलेलें चुकत नाहीं, ही जी आपली जुनी समजूत, तिलाच विज्ञानाचा नवा अंगरखा चढविला गेला आहे. पूर्वीं सटवाई सहाव्या रात्रीं येऊन लिहून जात असे. आतां तें काम डीएनएकडे आलें आहे, एवढाच काय तो फरक. परंतु लिहिलेलें आणि घडणारें ह्यांच्या दरम्यान किती हात त्या लेखाला लागतात, आणि प्रत्येक हात त्यावर आपली कोणती खूण करून ठेवतो, ह्याचा इतिहास आमच्या वाचनांत गेलीं कांहीं वर्षें येत आहे. तो थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावा असा आमचा विचार आहे.

प्राथमिक गोष्टी आधींच सांगून टाकणें बरें. पेशीच्या केंद्रकांत डीएनएच्या रूपानें जी मूळ संहिता असते ती तेथून हालत नाहीं. दप्तरखान्यांतील अस्सल कागदाप्रमाणें ती जागच्या जागीं राहते आणि गरज पडेल तेव्हां तिच्या हव्या त्या भागाची नक्कल काढून दिली जाते. ही नक्कल आरएनएची, म्हणजे रिबोन्यूक्लिइक आम्लाची. तिची लिपि चार अक्षरांची : ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरॅसिल. नक्कल घेऊन केंद्रकाबाहेर जाणारा तो निरोप्या आरएनए. तिच्यांतील तीन तीन अक्षरांचा शब्द ओळखून त्याबरहुकूम ॲमिनो आम्ल आणून देणारा तो वाहक आरएनए. आणि ज्या यंत्रावर तीं आम्लें जुळून प्रथिन तयार होतें, तें रायबोसोमहि बव्हंशीं आरएनएचेंच.

आम्हीं पदवीच्या वर्गांत हीं चार अक्षरें घोकलीं. पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत एक वाक्य असे कीं, वाहक आरएनएमध्यें कांहीं असामान्य अक्षरेंहि आढळतात. परीक्षेंत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून आम्हीं तें वाचून सोडून दिलें. आज त्या असामान्य अक्षरांची यादी १७० च्या वर गेली आहे. तीं सर्व त्या मूळ चारांवरच केलेल्या रासायनिक फेरफारांनीं बनतात. कोठें एखादा मेथिल गट चिकटविलेला, कोठें एखादा अणू काढून घेतलेला, कोठें सबंध कडेंच फिरवून बसविलेलें.

ह्या खुणांचें स्वरूप समजावून देण्यास आमच्यापाशीं एक घरचा दाखला आहे. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं जे लेखनविषयक नियम ठरविले, त्यांनीं अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. आम्ही त्या बाबतींत जुन्या वळणाचेच राहिलों, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. 'नांव' आणि 'नाव' हे शब्द तोंडानें म्हणतांना सारखेच. पण डोक्यावरील टिंबानें एक माणसाला चिकटतें आणि दुसरी पाण्यावर तरंगते. आरएनएच्या अक्षरांवर बसणाऱ्या पुष्कळशा खुणा अशाच अनुच्चारित असतात. अक्षर तेंच राहतें, प्रथिनहि तेंच बनतें; परंतु ती नक्कल किती वेळ टिकावी, कोठें जावी, कितीदां वाचली जावी आणि केव्हां फाडून टाकावी, हें त्या टिंबावर ठरतें.

ह्यांपैकीं पहिली खूण हातीं लागली ती अणुबाँबच्या कारखान्याच्या आवारांत. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत ओक रिज म्हणून गांव आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथें अणुशक्तीच्या गुप्त योजनेवर काम करणाऱ्यांत वाल्डो कोन हे एक जीवरसायनज्ञ होते. गृहस्थ संगीताचे भोक्ते. त्या गांवचा वाद्यवृंद त्यांनींच उभा केला. अणुभंजनांतून उरणारीं द्रव्यें एकमेकांपासून निराळीं काढण्यास तेथें आयन-विनिमयाची रीत वापरीत. राळेच्या बारीक कणांनीं भरलेल्या नळींतून द्रावण सोडावयाचें, म्हणजे प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळीं खालीं उतरतें. युद्ध संपल्यावर कोन ह्यांनीं तीच नळी न्यूक्लिइक आम्लांकडे वळविली. आणि १९५१ सालीं त्यांना व त्यांचे सहकारी एलियट व्होल्किन ह्यांना आरएनएच्या विघटनांत चार ओळखीच्या द्रव्यांखेरीज एक अनोळखी द्रव्य उतरतांना दिसलें. पुढें यीस्टच्या आरएनएमध्यें तें इतरांनाहि मिळालें आणि त्यास पांचवें न्यूक्लिओटाइड असें म्हणूं लागले.

त्याची रचना उलगडली तेव्हां मौज अशी दिसली कीं, हें युरिडिनच, पण बैठक बदललेलें. नेहमींच्या युरिडिनमध्यें युरॅसिलचें कडें नत्राच्या अणूनें शर्करेशीं जोडलेलें असतें. येथें तें कार्बनच्या अणूनें जोडलेलें होतें. अणू तेच आणि तितकेच. म्हणून त्याचें नांव स्यूडोयुरिडिन, म्हणजे तोतया युरिडिन, असें पडलें. पानिपतानंतर पुण्यावर चालून आलेला भाऊसाहेबांचा तोतया आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. हाहि तसाच चेहऱ्यानें हुबेहूब. मात्र ह्या तोतयाला पेशीनें स्वतः आणि जाणूनबुजून गादीवर बसविलेलें असतें. त्या कार्बनच्या जोडणीमुळें नत्राचा एक हात मोकळा राहतो, तो शेजारच्या रेणूंशीं जास्तीची पकड घेतो, आणि आरएनएची घडी अधिक घट्ट बसते. ह्या तोतयाची पुन्हां गांठ पडणार आहे, म्हणून वाचकांनीं त्यास लक्षांत ठेवावें.

पुढचा टप्पा रॉबर्ट हॉली ह्यांचा. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत त्यांनीं सुमारें १४० किलो यीस्टपासून अलानिन वाहून नेणारा वाहक आरएनए अवघा एक ग्रॅम वेगळा केला आणि १९६५ सालीं त्याचीं ७७ अक्षरें क्रमानें वाचून प्रसिद्ध केलीं. सबंध न्यूक्लिइक आम्ल असें वाचलें जाण्याची ही पहिलीच वेळ. १९६८ सालीं आपले हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग ह्यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्या ७७ अक्षरांत तोतया तर होताच. पण निरोप्याचा शब्द ओळखण्याच्या नेमक्या जागीं इनोसिन नांवाचें निराळेंच अक्षर बसलेलें होतें. पुढच्याच वर्षीं फ्रान्सिस क्रिक ह्यांनीं दाखवून दिलें कीं, तिसऱ्या स्थानाची बैठक थोडी सैल असते आणि इनोसिन तेथें युरॅसिल, सायटोसिन व ॲडेनिन ह्या तिघांशींहि जमवून घेऊं शकतें. तीन शब्दांचें काम एकाच हमालाकडून भागतें तें असें.

तरी हें सारें वाहकाबद्दल झालें. निरोप्या आरएनए हा क्षणभंगुर कागद. त्यावर कोण कशाला नक्षी काढील, अशीच समजूत होती. १९७४ सालीं मिशिगनमध्यें फ्रिट्झ रॉटमन आणि त्यांचे सहकारी, तसेंच फिलाडेल्फियामध्यें रॉबर्ट पेरी व डॉन केली, ह्यांनीं ती खोटी ठरविली. निरोप्याच्या अंगावर मधूनमधून ॲडेनिनला सहाव्या स्थानीं मेथिल गट चिकटविलेला असतो, असें त्यांना आढळलें. लगेच १९७५ सालीं त्याच्या अग्रभागीं मेथिलयुक्त ग्वानिनची उलटी बसविलेली टोपीहि सांपडली. त्या शोधांत जपानचे यासुहिरो फुरुइची आणि अमेरिकेंतील ॲरन शॅटकिन ह्यांचा वांटा मोठा आहे. टोपीचें काम चटकन् उमगलें : ती नसेल तर निरोप कुरतडला जातो आणि रायबोसोम त्यास दारांत उभें करीत नाहीं. परंतु ॲडेनिनवरील त्या मेथिलचें कोडें सुटेना, आणि पुढें जवळजवळ पस्तीस वर्षें फार थोड्यांनीं त्याकडे पाहिलें.

ह्या उपेक्षेचें कारण शास्त्रज्ञांचा आळस नव्हे. आरएनए वाचावयाचा म्हणजे प्रथम त्याची डीएनएमध्यें उलट नक्कल करावयाची, ही रूढ रीत. नक्कल करणारें एन्झाइम मेथिल असलेलें ॲडेनिन साधें ॲडेनिन म्हणूनच उतरवून घेतें. कारकुनानें अनुस्वार गाळून दप्तर उतरवावें, आणि पुढच्या पिढीनें अनुस्वार कधीं नव्हतेच असें मानावें, तशांतलाच हा प्रकार झाला. खूण करणारें एन्झाइम जोसेफ बोकार आणि रॉटमन ह्यांनीं १९९७ सालीं ओळखलें. त्यास आज मेटल-३ म्हणतात. त्यानंतरहि दहाबारा वर्षें शांतताच होती.

ती भंगली एका निराळ्याच दिशेनें, आणि ह्या प्रकरणावर थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. कारण आरंभीं सांगितलेल्या सटवाईचा संबंध येथें येतो. १९९९ सालीं जर्मनींतील कांहीं संशोधकांनीं उंदराच्या एका अवाढव्य जनुकाला, केवळ त्याच्या लांबीरुंदीवरून, थट्टेनें 'फॅटसो' म्हणजे लठ्ठंभारती असें नांव दिलें. पुढें २००७ सालीं ३८,००० हून अधिक लोकांच्या तपासणींत असें आढळलें कीं, मानवांतील ह्याच जनुकाचा एक प्रकार ज्यांना आई आणि बाप ह्या दोघांकडून मिळाला, त्यांचें वजन इतरांपेक्षां सरासरीनें सुमारें तीन किलो जास्त भरतें. थट्टेचें नांव असें खरें ठरलेंसें वाटलें, आणि जनुक एफटीओ ह्या नांवानें जगभर गाजलें. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादचे डॉ. गिरिराज चांडक ह्यांच्या गटानें २००९ सालीं दाखविलें कीं, भारतीयांत त्याचा मधुमेहाशींहि संबंध दिसतो आणि तो नुसत्या लठ्ठपणानें पुरता उलगडत नाहीं.

तेव्हां हें जनुक करतें तरी काय? २०११ सालीं शिकागो विद्यापीठांतील चुआन ह यांच्या प्रयोगशाळेनें उत्तर दिलें : एफटीओचें प्रथिन निरोप्या आरएनएवरील तोच जुना मेथिल पुसून काढतें. पेशी खूण करते आणि ती पुसतेहि, हें कळतांच सगळा रंगच पालटला. जी खूण पुसतां येते ती नुसती नक्षी नव्हे, ती आज्ञा असली पाहिजे. २०१२ सालीं इस्राएलमध्यें गिडिओन रेचावी आणि न्यूयॉर्कमध्यें सॅमी जाफ्रे ह्यांच्या गटांनीं स्वतंत्रपणें ह्या खुणांचे नकाशे काढले. माणसाच्या सुमारें सात हजार जनुकांच्या निरोपांवर त्या होत्या, आणि वाटेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. निरोपाचा मजकूर जेथें संपतो त्या विरामाच्या आसपास त्यांची दाटी होती.

इतकें झाल्यावर वर्तमानपत्रांनीं लठ्ठपणाचें रहस्य उलगडलें असें जाहीर करून टाकलें असल्यास नवल नाहीं. पण २०१४ सालीं असें निष्पन्न झालें कीं, वजनाशीं संबंध असलेला तो फेरफार एफटीओच्या हद्दींत असला तरी त्याचा अंमल तेथून सुमारें पांच लक्ष अक्षरें दूर असलेल्या इरएक्स-३ नांवाच्या दुसऱ्याच जनुकावर चालतो. २०१५ सालीं मेदपेशींवर केलेल्या प्रयोगांनीं तेंच बळकट केलें. म्हणजे एका वाड्याच्या ओसरीवर बसलेला माणूस भलत्याच वाड्याचा कारभार पाहत होता, आणि आपण मात्र ओसरीच्या मालकास जबाबदार धरीत होतों! एफटीओ अगदींच निर्दोष सुटलें असें नाहीं. तें मुळींच नसलेले उंदीर रोडके निपजतात, आणि माणसांत त्याचें काम पूर्ण बंद पडल्यास मुलाची वाढ खुंटून तें दगावतें. परंतु लोकसंख्येंतील लठ्ठपणाचा जो पुरावा म्हणून मेथिलच्या खुणेकडे जगाचें लक्ष वेधलें, तो पुरावा त्या खुणेचा नव्हता. चुकीच्या पत्त्यावर जाऊन योग्य माणूस भेटावा, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासांत अनेक आहेत. त्यांत ह्याची गणना करावयास हरकत नाहीं.

खूण करणारीं, वाचणारीं आणि पुसणारीं अशीं प्रथिनांचीं तीन खातीं आज मानतात. २०१४ सालीं असें दिसलें कीं, वाचणाऱ्यांपैकीं एक प्रथिन खूण असलेला निरोप पकडून मोडीकडे नेतें. खुणेचें एक काम म्हणजे निरोपाची मुदत ठरविणें, हें त्यावरून स्पष्ट झालें. ज्या पेशीला आपला धंदा बदलावयाचा आहे तिनें जुने निरोप वेळींच मोडीत काढले पाहिजेत. रक्ताच्या कर्करोगाच्या एका तीव्र प्रकारांत नेमका हाच तोल बिघडतो. पेशी पक्व होण्याचें सोडून नुसत्या वाढत राहतात आणि त्यासाठीं मेटल-३ वर विसंबतात, हें २०१७ सालीं कळलें. केंब्रिजमधील संशोधकांनीं २०२१ सालीं मेटल-३ चा हात बांधून ठेवणारें एक औषधी द्रव्य उंदरांत वापरून त्या पेशींची वाढ रोखून दाखविली. त्याच जातीच्या औषधाच्या माणसांवरील प्राथमिक चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या. ह्याहून अधिक बोलणें आज उतावळेपणाचें होईल.

जेथें एकाच खुणेच्या अभावानें माणूस आजारी पडतो, अशीं उदाहरणें ह्या मानानें थोडीं. पण जीं आहेत तीं मनाला चटका लावणारीं आहेत. मेलास नांवाचा आजार १९८४ सालीं ओळखला गेला. चांगल्या वाढत्या मुलाला किंवा तरुणाला एकाएकीं अर्धांगासारखा झटका येतो, आंचके येतात, स्नायू दुर्बळ होतात, रक्तांत लॅक्टिक आम्ल वाढतें. दोष असतो तो पेशींतील मायटोकॉन्ड्रियांत. पेशीची शक्ति निर्माण करणाऱ्या ह्या भट्ट्यांचें स्वतःचें लहानसें डीएनए असतें आणि तें केवळ आईकडून मुलाकडे येतें. १९९० सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, बहुतेक रुग्णांत त्या डीएनएच्या ३२४३ व्या स्थानीं एक अक्षर बदललेलें असतें. तें स्थान प्रथिनाच्या मजकुरांत नसून ल्यूसिन वाहणाऱ्या वाहक आरएनएच्या जनुकांत आहे. आणि त्यांतहि शब्द ओळखण्याच्या जागेपासून बरेंच दूर. मग बिघडलें काय?

दहा वर्षांनीं किमित्सुना वातानाबे आणि त्सुतोमु सुझुकी ह्यांच्या गटानें तें शोधून काढलें. निरोगी माणसांत त्या वाहकाच्या ओळख पटविण्याच्या अक्षरावर एक खूण असते. ह्या रुग्णांत ती बसतच नाहीं. बदललेल्या अक्षरामुळें रेणूचा आकार बिघडतो आणि खूण करणाऱ्या एन्झाइमाला तो ओळखूं येत नसावा. २००२ सालीं खुणेचें रसायन उलगडलें तेव्हां तें निघालें टॉरिन. हें द्रव्य १८२७ सालीं बैलाच्या पित्तांत सांपडलें आणि लॅटिनमधील बैलवाचक शब्दावरून त्याचें नांव पडलें; माकूल, कालवें ह्यांसारख्या समुद्रांतील जिनसांत तें भरपूर असतें. आरएनएच्या अक्षरावर तें जाऊन बसत असेल असें तोंवर कोणाच्या स्वप्नींहि आलें नव्हतें. टॉरिनवांचून तो वाहक आपला एक शब्द नीट वाचूं शकत नाहीं, भट्टीचीं कांहीं प्रथिनें अर्धवट राहतात, आणि ज्या मेंदूला सर्वांत अधिक शक्ति लागते त्यास पहिला फटका बसतो. ह्या ज्ञानाचा उपयोग झाल्यावांचून राहिला नाहीं. जपानांत दहा रुग्णांना ५२ आठवडे भरपूर टॉरिन देऊन पाहिलें, आणि बहुतेकांचे झटके थांबले किंवा कमी झाले. तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, ही उणीव खरी. तरी जपान सरकारनें २०१९ सालीं ह्या उपचारास मान्यता दिली. एका आईच्या दृष्टीनें झटका न येतां गेलेल्या एका वर्षाचें मोल काय असेल, तें आंकड्यांत सांगतां यावयाचें नाहीं.

आतां तोतयाकडे वळूं. हंगेरींतील एका खाटकाची मुलगी कातालिन कारिको १९८५ सालीं नवरा आणि लहान मुलगी ह्यांच्यासह अमेरिकेस गेली. देशाबाहेर पैसे नेण्यास बंदी असल्यामुळें मोटार विकून आलेली रक्कम मुलीच्या खेळण्यांतल्या अस्वलाच्या पोटांत शिवून नेली होती. निरोप्या आरएनए बाहेरून शरीरांत घालून त्याकडून हवें तें प्रथिन करवून घ्यावें, हा बाईंचा ध्यास. अनुदान मिळेना, १९९५ सालीं विद्यापीठानें त्यांना खालच्या पदावर आणलें. अडचण खरीच होती. प्रयोगशाळेंत बनविलेला आरएनए शरीरांत जातांच रोगप्रतिकारक पेशी त्यास शत्रु समजून आग पाखडीत. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशीं ज्यांची गांठ पडली त्या ड्र्यू वाइसमन ह्यांच्याबरोबर त्यांनीं निरनिराळे आरएनए तपासले. सस्तन प्राण्यांच्या वाहक आरएनएवर मात्र त्या पेशी चिडत नाहींत, असें दिसलें. आणि वाहक म्हणजे तर असामान्य अक्षरांचें माहेरघर. त्यांनीं युरिडिनच्या जागीं तोतया घातला. आग विझली. हा निबंध २००५ सालीं 'इम्युनिटी' ह्या नियतकालिकांत आला. एका अधिक मोठ्या नियतकालिकानें तो आधीं परत केला होता. २००८ सालीं आणखी एक गोष्ट कळली कीं, तोतया घातलेल्या निरोपापासून प्रथिनहि पुष्कळ अधिक बनतें.

शरीर आपलें आणि परकें ओळखतें तें ह्या खुणांवरून, ही ह्यांतली खरी कल्पना होय. तिची दुसरी बाजू २०१२ सालीं दिसली. पेशी आपल्याच दुहेरी आरएनएमधील ॲडेनिनचें इनोसिन करून ठेवते. तें करणारें एन्झाइम ज्या बालकांत जन्मतः सदोष असतें, त्यांचें शरीर स्वतःच्याच आरएनएला विषाणू समजून मेंदूंत दाह पेटवितें. खुणेवांचून स्वकीयहि परका ठरतो.

२०२० च्या डिसेंबरांत ज्या एमआरएनए लशी पुढें आल्या त्यांत तोतयाचाच एक मेथिलयुक्त भाऊ प्रत्येक युरिडिनच्या जागीं बसविलेला होता. आपल्याकडे बहुतेकांनीं कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. पण परदेशांतील आपल्या पुष्कळ मुलांच्या दंडांत हें पांचवें अक्षर गेलेलें आहे. ह्या लशींची परिणामकारकता चाचण्यांत सुमारें ९५ टक्के भरली. अशी अदलाबदल न केलेली एक जर्मन लस २०२१ सालीं ४८ टक्क्यांवर अडली. तिची मात्रा कमी होती आणि विषाणूहि तोंवर बदलला होता, म्हणून सगळें श्रेय एकट्या तोतयास देणें न्यायाचें नाहीं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनें बनविलेल्या, भारतांतील पहिल्या एमआरएनए लशीस जून २०२२ मध्यें आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. कारिको आणि वाइसमन ह्यांना २०२३ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. कोन ह्यांच्या नळींतून तें अनोळखी द्रव्य उतरल्यास तेव्हां बहात्तर वर्षें झालीं होतीं.

उलट नक्कल न करतां आरएनएच वाचण्याची युक्ति २०१८ पासून हातीं आली आहे. सूक्ष्म छिद्रांतून आरएनएचा धागा ओढतात आणि प्रत्येक अक्षर जातांना विजेचा प्रवाह किती बदलतो तें मोजतात; खूण असलेलें अक्षर प्रवाहाला किंचित् निराळा धक्का देतें. मेथिल ॲडेनिन आणि तोतया हे दोघे यंत्राला आतां बऱ्यापैकीं ओळखूं येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनीं २०२४ सालीं एक अहवाल काढून सर्वच खुणांचा नकाशा काढण्याची मोठी योजना सुचविली आहे. मानवी डीएनए वाचण्यास १९९० पासून २००३ पर्यंत तेरा वर्षें लागलीं, आणि तेथें अक्षरें चारच होतीं व बहुतेक पेशींत मजकूर एकच होता. येथें यकृताच्या पेशींतील खुणा मेंदूच्या पेशींत असतीलच असें नाहीं, आणि सकाळच्या खुणा संध्याकाळीं राहतीलच असेंहि नाहीं. १७० पैकीं बहुतेक खुणा अजून त्या यंत्राला नुसत्या शाईच्या डागासारख्या दिसतात.